तिसरी चांदणी : एका फ्रेंच जनरलच्या एपॉलेटांची तपासणी

लियोंजवळच्या एका गावातल्या आजींकडे सोनेरी एपॉलेटांची एक जोडी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती. नेपोलियनच्या चित्रांत त्याच्या खांद्यांवर जी सोनेरी झालरवाली फळी दिसते, ते एपॉलेट. आजींना मूलबाळ नाही आणि भाच्यांना लष्करी वस्तूंत रस नाही, म्हणून जोडी लिलावात काढायचं ठरलं. लिलावगृहाच्या तज्ज्ञाने ती पाहिली आणि दोन शेरे मारले. घरात ही जोडी पहिल्या नेपोलियनच्या काळातली मानत आले होते, ते त्याला मान्य नव्हतं. दुसरा शेरा जास्त गंभीर होता. प्रत्येक खांद्यावरच्या तीन चांदण्यांपैकी एक मागाहून टाकलेली आहे, बहुधा गेल्या पन्नासेक वर्षांत, आणि किंमत वाढवण्यासाठीच. ती उसवून काढा, मग दोन चांदण्यांची जोडी म्हणून विकू, असा त्याचा सल्ला होता.

आजींना ‘खोटं’ हा शब्द लागला. त्यांनी जोडी तपासणीसाठी माझ्याकडे पाठवली. जुन्या कापडांवरचं जरीकाम जपणं आणि दुरुस्त करणं हा माझा व्यवसाय आहे. मलाच निवडण्यामागे आणखी एक कारण होतं. तिसरी चांदणी भारतात किंवा पाकिस्तानात भरून आणलेली असावी असा तज्ज्ञाचा कयास होता, आणि तो त्याने चिठ्ठीत स्पष्ट लिहिला होता. त्या चिठ्ठीचा मला राग आला नाही, कारण कयास अगदीच निराधार नव्हता. वाराणसीचे आणि सियालकोटचे कारागीर आज कितीतरी देशांच्या सैन्यांसाठी जरीचे बिल्ले भरतात. जुन्या गणवेशांच्या हुबेहूब नकलाही तिकडूनच येतात. जुन्या मालाचा बाजार पाहणाऱ्याच्या मनात पहिला संशय तोच येणार.

प्रश्न तीन होते. जोडी केव्हाची? तिसरी चांदणी खरंच नंतरची का? असेल, तर कुणी आणि कशासाठी लावली?

दोन, तीन आणि मधलं अंतर

चांदण्यांचा हिशेब समजल्याशिवाय भांडण समजणार नाही. फ्रेंच सैन्यात एपॉलेट ही हुद्द्याची खूण म्हणून आणली युद्धमंत्री मार्शल बेल-ईल याने, १७५९ मध्ये. त्याआधी खांद्यावर फिती आणि गाठी असायच्या, त्या शोभेच्या. नियम बसत गेले तसा खांदा वाचण्याजोगा झाला. बारीक झालर म्हणजे कॅप्टनपर्यंतचे कनिष्ठ अधिकारी. जाडजूड पीळदार लोंब्या म्हणजे त्यावरचे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लेफ्टनंटची झालर डाव्या खांद्यावर, सब-लेफ्टनंटची उजव्या, आणि दुसऱ्या खांद्यावर बिनझालरीची नुसती पट्टी. लेफ्टनंट-कर्नलचा प्रकार सगळ्यात मजेदार. त्याच्या लोंब्या सोनेरी असतील तर वरची पट्टी चंदेरी, म्हणजे मुद्दाम उलट धातूची. हे ठाऊक नसलेले विक्रेते अशी जोडी ‘दोन तुटक्या जोड्यांतून जुळवलेली’ म्हणून मातीमोल विकतात, आणि जाणकार ती गुपचूप उचलतात.

जनरलच्या सोनेरी एपॉलेटावर रुपेरी चांदण्या भरलेल्या असतात. ब्रिगेडचा जनरल असेल तर दोन, डिव्हिजनचा असेल तर तीन. एक चांदणी कुणालाच नाही. राजेशाहीच्या काळात ती ब्रिगेडियरची होती. तो हुद्दा १७८८ मध्ये रद्द झाला आणि फ्रान्समध्ये जनरलांची मोजणी दोनपासून सुरू झाली ती आजतागायत. द गॉल दुसऱ्या महायुद्धात आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झाल्यावरही टोपीवर दोनच चांदण्या लावून वावरला, हे बहुतेकांनी फोटोत पाहिलेलं असतं.

दोनांच्या तीन होणं म्हणजे बढती. माणसाची बढती झाली की त्याच्या जुन्या एपॉलेटांचं काय होतं, हा प्रश्न तज्ज्ञाने स्वतःला विचारलाच नव्हता. फ्रेंच अधिकाऱ्याला गणवेश स्वतःच्या खिशातून करावा लागे. जनरलची एपॉलेटं तर मुलामा दिलेल्या खऱ्या चांदीची. हुद्दा वाढला म्हणून चांगली जोडी फेकून नवी घेणारा माणूस एकतर फार श्रीमंत असणार किंवा फार उधळ्या.

काळ

जोडी पहिल्या साम्राज्यातली नाही, हे ठरायला वेळ लागला नाही. नेपोलियनच्या काळातलं एपॉलेट तुलनेने मऊ, खांद्याच्या उतारावर पडणारं. हे आतून पुठ्ठ्याने आणि भरावाने कडक केलेलं, स्वतःचा आकार धरून बसणारं. पट्टीवरच्या गुंडीच्या मागे पॅरिसच्या ट्रलों, वेल्दों आणि वेल या गुंडीवाल्यांची आद्याक्षरं होती, आणि ती पेढी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याची. पण गुंडी दोन मिनिटांत बदलता येते, तिच्यावर भिस्त ठेवणं बरं नव्हे. म्हणून अस्तराच्या आत पाहिलं. लाल बनातीचं अस्तर हातशिलाईचं होतं, मात्र त्याखाली कडकपणासाठी घातलेल्या चामड्याच्या पट्टीवर शिवणयंत्राची दुहेरी दोऱ्याची शिलाई होती. असं यंत्र १८५० च्या आसपास बाजारात आलं. ती पट्टी आतल्या भरावाखाली अडकलेली. एपॉलेट अख्खं मोडल्याखेरीज बदलणं शक्य नाही.

(शिवणयंत्राचा पहिला मोठा प्रयोग लष्करी गणवेशांवरच झाला होता, आणि तो करणारा माणूस लियोंच्याच परिसरातला. बार्तेलेमी तिमोनिए याने १८३० मध्ये पेटंट घेऊन पॅरिसला सैन्याचे कपडे शिवायचा कारखाना काढला. पोटावर पाय येणार म्हणून शिंप्यांनी तो फोडला. त्याचं यंत्र साखळी टाका घालायचं, आणि ती कल्पना त्याला सुचली भरतकाम करणाऱ्या बायकांच्या आकडीवरून.)

शेवटचा पुरावा डब्यात होता. काळ्या रंगाचा पत्र्याचा डबा, एपॉलेटाच्या आकाराचा, लोंब्या दबू नयेत म्हणून आत टेकू. झाकणाच्या आतल्या बाजूला पॅरिसच्या दुकानदाराची कागदी चिठ्ठी अर्धी उरलेली होती, आणि तिच्यावर मुकुटधारी गरुडाचा एक पंख शाबूत होता. शिलाई १८५० नंतरची आणि गरुड साम्राज्याचा, म्हणजे खरेदी तिसऱ्या नेपोलियनच्या राज्यातली, १८५२ ते १८७० मधली. घरच्यांनी नेपोलियन बरोबर सांगितला होता, फक्त पुतण्याच्या जागी काका धरला होता.

सोनं कसं लावलेलं असतं

आता मूळ मुद्दा. चांदणीचा निवाडा करायचा तर आधी तार कशी बनते ते पाहिलं पाहिजे. ज्यांच्या घरी जुनी पैठणी आहे त्यांना यातलं बरंच ओळखीचं वाटेल.

चांदीच्या कांबीवर सोन्याचा वर्ख चढवून ती कांब लहान लहान होत जाणाऱ्या भोकांतून ओढत न्यायची. चांदी लांबते तसं वरचं सोनंही तिच्याबरोबर लांबतं, आणि केसाएवढी बारीक तार झाली तरी तिचा सोनेरी थर शाबूत राहतो. लियों आणि जवळचं त्रेवू ही या धंद्याची जुनी गावं. ही तार रुळांखाली चपटी केली की आपला बादला. तो रेशमाच्या धाग्यावर गुंडाळला की कलाबतू. सोनेरी कलाबतूच्या पोटातलं रेशीम पिवळं रंगवतात आणि चंदेरीच्या पोटातलं पांढरं ठेवतात, म्हणजे वेढ्यांमध्ये फट पडली तरी डोळ्याला दिसत नाही. जुन्या फ्रान्समध्ये याचा नियमही कडक होता. खरी तार रेशमावरच गुंडाळायची, तांब्यावर मुलामा दिलेली खोटी तार सुती-तागाच्या दोऱ्यावर, आणि दोन्हींची सरमिसळ करायला मनाई. गिऱ्हाइकाने एक टोक उसवून पाहिलं की खरं-खोटं कळावं, एवढाच हेतू. आजही सुटलेलं टोक दिसलं की मी आधी पोटातला धागा पाहते.

तीच तार सळईवर वळवून सळई काढून घेतली की पोकळ, लवचिक नळी उरते. फ्रेंच भरतकार तिला कान्तीय म्हणतात; आपल्याकडच्या अड्ड्यावर, म्हणजे कापड ताणून भरायच्या चौकटीवर, ती दबका. गोल सळईवरची गुळगुळीत, कोनदार सळईवरची नक्शी, जी थोडी हलली तरी लखलखते. एपॉलेटाच्या जाड लोंब्या याच वेटोळ्यांच्या मोठ्या भावंडांपासून बनतात. त्यांच्या दाणेदार पोताला फ्रेंच शिपाई ‘पालकाचं बी’ म्हणत. ‘त्याला पालकाचं बी मिळालं’ म्हणजे तो वरच्या अधिकाऱ्यांत गेला.

चांदणी भरताना आधी चर्मपत्राचा किंवा पुठ्ठ्याचा पाच टोकांचा साचा कापतात, त्यावर मेण लावलेल्या दोऱ्याचे थर देऊन मधला कणा उंच करतात. मग दबक्याचे तुकडे एकेक करून कात्रीने कापायचे, मण्यासारखे सुईत ओवायचे आणि कण्याच्या एका कडेवरून दुसऱ्या कडेला तिरके बसवायचे. टोकापाशी तुकडा जेमतेम तांदळाएवढा आणि मध्याकडे वाढत जातो. तुकडा गरजेपेक्षा जरा लांब कापला गेला तर तो फुगतो, आखूड झाला तर खालचा दोरा दिसतो. दोन्ही चुका कायमच्या, कारण एकदा सुई ओढली गेलेली तार सरळ होत नाही. मध्यभागी टिकली, आणि तिच्या भोकातून दबक्याचा छोटा वेढा. सतराशे सत्तरच्या सुमाराला राजाचा नक्षीकार शार्ल-जेर्में द सेंत-ओबें याने भरतकारांच्या कलेवर अख्खा ग्रंथ लिहिला. तो वाचताना जाणवतं की ही रीत पॅरिस आणि भारत यांच्यात थोड्याफार फरकाने एकच आहे. म्हणूनच तज्ज्ञाच्या कयासाचं उत्तर नुसत्या ‘शैली’वरून देता येत नव्हतं.

भिंगाखाली

खालच्या दोन चांदण्या एपॉलेटाच्या रुंद, गोलसर टोकावर शेजारी शेजारी आहेत. तिसरी वरती, मधोमध, गळ्याच्या बाजूला. लांबून त्रिकोण छान दिसतो. मोजपट्टी लावली की तो बिघडतो. खालच्या दोघी गोलाच्या नेमक्या मध्यावर बसवलेल्या आहेत. मुळात तीन भरायच्या असत्या तर कारागिराने दोघींना खाली सरकवून तिसरीला जागा केली असती. इथे तिसरीचं वरचं टोक गोल संपून पट्टी सुरू होते त्या शिवणीवर चढलंय. आखणी दोनांचीच होती. तिसरी चांदणी नंतरची हे तज्ज्ञाचं म्हणणं इथेच खरं ठरलं.

जोडणीही वेगळी होती. अस्तराची एक कड आधीच सुटलेली होती. तिथून आरसा सरकवून मागची बाजू पाहिली. खालच्या दोन्ही चांदण्यांचे दोरे पाठीवर स्वच्छ दिसतात, म्हणजे त्या एपॉलेट बांधायच्या आधी, कापड ताणून भरलेल्या. तिसरीचा एकही दोरा पाठीवर येत नाही. ती वेगळ्या तुकड्यावर भरून, कडेने कापून, वरून टाचलेली आहे, आणि गाठी तिच्याच पोटाखाली लपवल्या आहेत. अस्तर न उसवता काम उरकायचं तर दुसरा मार्गच नव्हता.

पण ‘नंतर’ म्हणजे केव्हा? उजव्या खांद्यावरच्या तिसऱ्या चांदणीचं एक टोक सैल झालेलं होतं. ते चिमट्याने अलगद उचललं, खाली उजेड टाकला आणि सोनं पाहिलं. खालच्या जोडीतल्याही एका चांदणीची कड अशीच किंचित उचलता आली. तिच्याखालचं सोनं नव्यासारखं पिवळं होतं, कारण पहिल्या दिवसापासून ते झाकलेलं. तिसरीखालचं सोनं मंदावलेलं होतं. मुलाम्यातून वर आलेल्या चांदीचा करडा पापुद्रा त्यावर धरू लागला होता. मात्र उघड्या भागावर हाच पापुद्रा कितीतरी दाट आहे. म्हणजे जोडी काही वर्षं दोन चांदण्यांनी वापरली गेली, मग तिसरी आली, आणि त्यानंतर फार मोठा काळ तिन्ही चांदण्या एकत्र राहिल्या. गेल्या पन्नास वर्षांत लावलेल्या चांदणीखाली शंभर वर्षांची काजळी असायला हवी होती. इथे होती ती काही वर्षांचीच.

एवढ्यावर निकाल दिला असता तर चाललं असतं, पण समोर लिलावगृह होतं, म्हणून उरलेल्या तपासण्याही केल्या. अतिनील दिव्याखाली तिसरीचा टाचणीचा दोरा चमकला नाही. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दोऱ्यांत पांढरेपणासाठी जी रसायनं सर्रास घालतात, ती या दिव्यात निळसर पेटतात. एक अपवाद निघाला. डाव्या खांद्यावरच्या तिसरीचं एक टोक निळं पेटणाऱ्या सुती दोऱ्याने पुन्हा टाचलेलं आहे. कुणीतरी घरातच, सुटतंय म्हणून, हाताला येईल त्या दोऱ्याने. तज्ज्ञाचा संशय या चार टाक्यांमुळेच बळावला असावा, कारण नुसत्या डोळ्यांनाही ते आगाऊपणे पांढरे दिसतात.

क्ष-किरणांच्या यंत्राने धातू पाहिला, वस्तूला धक्का न लावता. तिन्ही चांदण्यांची तार चांदीची, किंचित तांबं मिसळलेली. आजच्या बिल्ल्यांची तार बहुतेक वेळा तांब्यावर चांदीचा मुलामा दिलेली असते. तिथे आकडे नेमके उलटे आले असते.

मधल्या काळात चांदणीचे जवळून काढलेले फोटो मुंबईला एका जुन्या ओळखीच्या कारागिरांना पाठवले होते. साठीच्या पुढचे, हयात अड्ड्यावर गेलेली. त्यांचा फोन आला.

“बेटा, हे कुणाचं म्हणतेस?”

“तेच तर विचारते, चाचा. इकडे म्हणतात आपल्याकडचं.”

“आपल्याकडचं असतं तर एवढं बारीक कापलंच नसतं. हा तुकडा बघ टोकाचा. एवढ्याला कोण बसेल? बिल्ल्याचा भाव काय मिळतो माहितीये ना तुला?”

पुरावा म्हणून हे अहवालात घालता येत नाही. तरी मला हे मत यंत्राच्या आकड्यांइतकंच वजनदार वाटलं. नक्कल करणाराला आधी मजुरीचा हिशेब करावा लागतो, आणि ही चांदणी त्या हिशेबात कुठेच बसत नव्हती.

माणूस

एक शक्यता तरी उरत होती. गणवेशांचा जुना बाजार तेव्हाही होता. दुसऱ्याच कुणा जनरलने वापरलेली जोडी घेऊन त्यावर चांदणी टाकून घेतली नसेल कशावरून? डब्याच्या तळाशी सुईने कोरलेली दोन अक्षरं आजींच्या घराण्याच्या नावाशी जुळत होती, पण अक्षरं कुणीही कोरू शकतं. फ्रेंच सैन्याच्या अधिकाऱ्यांच्या सेवापुस्तिका पॅरिसजवळ व्हँसेनच्या किल्ल्यात जपलेल्या आहेत, आणि जनरलांचे कागद वेगळे लावलेले असल्याने शोध सोपा जातो. लिजन ऑफ ऑनर हा फ्रान्सचा मानाचा किताब मिळालेल्यांचे कागद तर घरबसल्या पाहता येतात. आजींच्या पूर्वजाचं नाव इथे देत नाही. तो १८६० च्या दशकात ब्रिगेडचा जनरल झाला आणि प्रशियाबरोबरच्या १८७० च्या युद्धात डिव्हिजनचा. काजळीने सांगितलेली ‘काही वर्षं’ ती हीच.

१८७० ची बढती म्हणजे तशी कच्ची बढती. सम्राट कैद झाल्यावर घाईघाईने उभ्या राहिलेल्या सरकारने भराभरा हुद्दे वाटले होते. युद्ध संपल्यावर १८७१ मध्ये ते तपासायला आयोग बसला आणि त्याने कित्येकांना खाली आणलं. या माणसाचा हुद्दा टिकला. गेला असता तर तिसरी चांदणी उसवावी लागली असती, आणि सोन्यावर सुईच्या भोकांची नक्षी तेवढी राहिली असती. दोन चांदण्यांच्या जोड्यांवर अशी रिकामी भोकं दिसली तर संग्राहकांनी ती ‘खराबी’ म्हणून मोडीत काढू नयेत असं मला वाटतं.

कागद चाळताना मन एकदा लियोंच्या शेजारच्या शांबेरीला जाऊन आलं. महादजी शिंद्यांचे कवायती कंपू उभे करणारा बन्वा द ब्वान्य, आपल्या बखरकारांचा डीबॉयन, तिथला. हिंदुस्थानातून कमावलेल्या पैशावर त्याने म्हातारपणी आपलं गाव नटवलं. त्याच्या स्मारकाच्या कारंज्याला चार हत्ती आहेत. अठराव्या लुईने त्याला मारेशाल द काँ हा दर्जा दिला. राजेशाही परतली तेव्हा ब्रिगेडच्या जनरलाला पुन्हा तेच जुनं नाव लागलं होतं. म्हणजे शिंद्यांच्या सेनापतीलाही खांद्यावर दोन चांदण्या लावायचा अधिकार होता. तिसरीची त्याला गरज पडली असेल असं वाटत नाही. मथुरा-अलीगढकडची त्याची ऐट कुठल्याही फ्रेंच जनरलपेक्षा मोठी होती.

काय केलं, काय केलं नाही

तिसरी चांदणी काढली नाही. ती उसवली असती तर जोडी ‘मूळ रूपात’ आली नसती. एका माणसाच्या नोकरीतली महत्त्वाची नोंद पुसली गेली असती आणि सोन्यावर दहा टोकांचे डाग उरले असते. डाव्या खांद्यावरचे ते सुती टाकेही ठेवले. ते कुरूप आहेत, पण कुणाला इजा करत नाहीत. उजव्या खांद्यावरचं सैल टोक आणि लोंबकळणारी एक लोंबी मात्र बारीक रेशमाने, जुन्याच भोकांतून, बसवून घेतली.

चकाकी आणली नाही, यावर आजी थोड्या हिरमुसल्या. चांदीची भांडी ज्या द्रावणात बुडवून उजळवतात ते इथे घातक. मुलाम्याचा थर इतका पातळ असतो की काजळीबरोबर सोनंही जातं, आणि द्रावण रेशमात मुरून आतून कुजवत राहतं. मऊ कुंचला, जाळी लावलेला हलका व्हॅक्यूम, बस्स. इतक्या वर्षांत काजळी आली कुठून, याचं उत्तर निम्मं अस्तरातच आहे. बनात म्हणजे लोकर, आणि लोकरीतून सुटणारं गंधक चांदीला काळवंडतं. अस्तर काढता येत नाही, तेव्हा निदान सभोवतीची हवा कोरडी ठेवायची आणि चांदीचे कण विणलेल्या कापडात जोडी गुंडाळायची, म्हणजे बाहेरचं गंधक आधी त्या कापडाला लागतं. हे ज्यांच्या कपाटात जुनी खऱ्या जरीची साडी लोकरी शालीत गुंडाळलेली आहे त्यांनाही लागू आहे. शाल काढा, धुतलेलं मलमल घाला.

अशा जोड्या आज कमी का उरल्यात, असं आजींनी विचारलं. युद्धात हरवल्या, कसरीने खाल्ल्या, ही नेहमीची उत्तरं. खरं कारण त्यांत चांदी होती हे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रेंच दरबारातल्या बायकांना जरीच्या वस्तू उसवून तार वेगळी करायचा, ती सोनाराला विकायचा नादच लागला होता. गप्पा मारता मारता मांडीवर पुरुषांची जुनी एपॉलेटं आणि गोंडे उसवले जायचे. पुढे बेल्जियमचा पहिला राजा झालेला लिओपोल्ड हाही हौसेने तासन्‌तास हेच करत बसायचा. एकोणिसाव्या शतकात हौस गेली आणि भट्टी आली. आपल्याकडेही जुनी जर विकत घेणारे दारावर यायचे, शेले-शालू जाळून चांदी गाळायचे. त्या हिशेबात कारागिरीला शून्य किंमत.

अहवाल लिलावगृहाला गेला. तज्ज्ञाने दोन्ही मुद्दे सभ्यपणे मान्य केले आणि यादीतलं वर्णन बदललं. आता तिथे दुसरं साम्राज्य, म्हणजे तिसऱ्या नेपोलियनचं, आहे, ब्रिगेड आणि मग डिव्हिजन आहे, आणि तिसरी चांदणी १८७० च्या बढतीवेळी लावलेली असल्याचं आहे. अपेक्षित किंमत त्याने थोडी वर नेली, माझ्या अपेक्षेइतकी नाही. संग्राहकांना अजून ‘न बदललेली’ जोडी हवी असते, असं त्याचं म्हणणं. बाजाराबद्दल तो बरोबर असेलही.

एका गोष्टीवर मात्र आमचं बराच वेळ जमलं नाही. त्याला डबा वेगळा विकायचा होता, कारण गंजका पत्रा सोन्याशेजारी फोटोत वाईट दिसतो आणि रिकाम्या डब्यांना वेगळे गिऱ्हाईक असतात. त्या डब्याच्या झाकणात अर्धा गरुड आहे आणि तळाशी दोन अक्षरं. आजींनी शेवटी फोनवरच त्याला सांगितलं की डबा गेला नाही तर एपॉलेटंही जाणार नाहीत. दोन्ही एकाच क्रमांकाखाली नोंदले गेले.